पद्माकररावांचा परवडणारा मजला

बंगळूरमध्ये घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक आधी मुलाखत घेतो. गाव कोणतं, कंपनी कोणती, मांसमच्छी करता का, पाहुणे किती दिवस राहतात, पाण्याची मोटर चालवता येते का. येलहंका न्यू टाउनमधले माझे शेजारी पद्माकर हिर्लेकर हेही मुलाखत घेत, पण त्यांचा प्रश्न एकच असे.

"घरात सगळ्यांचं मिळून उत्पन्न किती?"

उत्तर आलं की ते शर्टाच्या खिशातून कॅलक्युलेटर काढत, त्या आकड्याचे तीस टक्के करत आणि पडदा समोरच्याकडे वळवून धरत. तेच भाडं. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

पद्माकररावांनी तेहतीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत विमानांच्या चाकांचे सुटे भाग तपासले. भाग मापात बसला तर पास, केसभर चुकला तर परत. कोणाचा फोन आला, कोण चिडलं, कोणाची बढती अडली, याचा त्या केसाशी संबंध नसे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. दोन महिने त्यांनी दूधवाल्याचं माप, कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या फाटकाची उंची तपासली. मग एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली की उपनगरांत घरं सामान्य माणसाला परवडेनाशी झाली आहेत. खाली एका चौकटीत खुलासा होता : भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत बसत असेल तर ते घर परवडणारं मानतात.

पद्माकररावांनी त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारली. तेहतीस वर्षांत त्यांना इतकं स्वच्छ माप क्वचितच मिळालं होतं.

"कल्पना, आपलं घर परवडणारं आहे का गं?"

"आपलंच आहे. परवडायचा प्रश्न कुठे येतो?"

"आपल्याला नव्हे. वर राहायला येईल त्याला."

वरचा मजला तेव्हा रिकामा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटी गच्ची, बोअरवेलचं पाणी. बाजारभाव बावीस हजार. कल्पनावहिनी म्हणाल्या, "बावीस हजार सांगा, ज्याला परवडेल तो येईल." पद्माकरराव म्हणाले, "ज्याला परवडतं त्याच्यासाठी गावभर घरं आहेत. आपलं घर येईल त्याला परवडलं पाहिजे."

वहिनी इथल्याच एका शाळेत मराठी घरातल्या असूनही कन्नड शिकवत असत. वर्गातल्या साठ पोरांना त्या एका नजरेत गप्प करत, पण नवऱ्याच्या लाल रेघेपुढे त्यांचं काही चालत नसे.

गुंडोअण्णा हा आमच्या भागातला घरांचा दलाल. मूळचा बेळगावकडचा. नियम ऐकून तो आधी हसला, मग पायऱ्यांवर बसला.

"काय ओ साहेब, भाडं कधी पगार विचारून ठरतंय काय? टोमॅटोवाला पगार विचारतोय काय तुमचा?"

"विचारायला पाहिजे," पद्माकरराव म्हणाले.

"मग माझं कमिशन कसं धरायचं ओ? एक महिन्याचं भाडं असतंय ते. कमी पगाराची पार्टी आणली तर मी काय खाऊ?"

"जास्त पगाराची आण."

"जास्त पगाराचा माणूस तीस टक्के ऐकून पळतोय की ओ!"

हे त्याचं बरोबर होतं. एक लाख मिळवणारे तीस हजार ऐकून फाटकातूनच परत जात. कमी मिळवणारे मात्र पत्ता शोधत येत. पहिल्या आल्या अहल्याबाई, एकट्या, चौदा हजार पेन्शन. त्या चार हजार दोनशे रुपयांत सव्वा वर्ष राहिल्या आणि भाचीकडे म्हैसूरला जाताना रडल्या. त्यांच्यानंतर दोन विद्यार्थी आले. ते म्हणाले, आमचं उत्पन्न शून्य. पद्माकररावांनी कॅलक्युलेटर काढला. मी समोरच होतो. शून्याचे तीस टक्के त्यांनी खरोखर करून पाहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "शून्य."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या.

मग दोन वर्षांपूर्वी ध्रुव आणि सिद्धी आले. तो नागपूरचा, ती पुण्याची, दोघंही संगणकाच्या कंपन्यांत. त्याचा पगार चव्वेचाळीस हजार, तिचा चाळीस. पंचवीस हजार दोनशे भाडं निघालं, आणि बाजारभावही तोपर्यंत जवळपास तिथेच आला होता. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. आणखी एक गोष्ट त्या दोघांना फार आवडली. बंगळूरात घरमालक दहा-दहा महिन्यांचं भाडं आधी अनामत म्हणून घेतात, पद्माकरराव एकाच महिन्याचं घेत. अनामत रक्कम उत्पन्नाच्या किती टक्के असावी हे चौकटीत दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी शक्य तितकी कमी ठेवली होती.

"आम्हाला दोन-तीन वर्षांत स्वतःचा फ्लॅट घ्यायचाय, काका," सिद्धी पहिल्याच दिवशी म्हणाली. "डाउन पेमेंटला बारा लाख लागतील. म्हणून इथे सेव्हिंग होईल असं घर हवं होतं."

"होईल," पद्माकरराव म्हणाले. "सत्तर टक्के तुमच्याकडेच राहतात."

करार स्टँपपेपरवर झाला. भाड्याच्या जागी आकडा नव्हता. 'कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाचे तीस टक्के' असं लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून सही माझी.

दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये बैठक बसे. दोघं पगाराच्या स्लिपा घेऊन येत. मी हिशेबखात्यातला असल्याने पद्माकरराव मला 'कॉमर्स' म्हणत आणि शंका आली की भिंतीपलीकडून हाक मारत.

"अहो कॉमर्स, जरा या! ध्रुवने जुनी सायकल विकली. तीन हजार आले. उत्पन्न का?"

"नाही. मालमत्ता विकली. भांडवली जमा."

"बघा! मी तेच म्हणत होतो. आणि सिद्धीला ऑफिसच्या रांगोळी स्पर्धेत पाचशे मिळाले?"

"ते उत्पन्न."

"दीडशे रुपये," पद्माकरराव सिद्धीला म्हणाले.

"काका, सीरियसली? रंगांचाच खर्च चारशे झाला!"

माझ्या सांगण्यावरून खर्च वजा झाला आणि तीस रुपयांवर तडजोड झाली. हे सगळं चहा-चिवड्यासकट दीड तास चाले. तीस रुपयांपेक्षा चिवडाच जास्त लागे असं वहिनी म्हणत, पण पाच तारखेला त्या सकाळपासूनच चिवडा परतायला घेत.

पहिल्या वर्षी ध्रुवची नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी चाळीस माणसांना मेल पाठवला, त्यात हा होता. पाच तारखेला तो नुसती मान खाली घालून बसला. पद्माकररावांनी सिद्धीच्या चाळीस हजारांचे तीस टक्के केले आणि पडदा वळवला. बारा हजार.

"काका, आम्ही पूर्ण भाडं देऊ हो," ध्रुव म्हणाला. "थोडं मागेपुढे होईल, पण देऊन टाकू."

"हेच पूर्ण आहे," पद्माकरराव म्हणाले.

असे पाच महिने गेले. मग त्याला पन्नास हजारांची नोकरी लागली, भाडं सत्तावीस हजार झालं. ते त्याने इतक्या आनंदाने दिलं की जणू त्यालाच मिळत होतं.

यंदा फेब्रुवारीत सिद्धीने कंपनी बदलली. पाच मार्चला ती पेढे घेऊन खाली आली. वहिनींनी तिला जवळ घेतलं, मला पेढा मिळाला, ध्रुवने तिची स्लिप पुढे केली. एक लाख तीस हजार.

पद्माकररावांनी पेढा तोंडात ठेवला आणि कॅलक्युलेटर काढला. एक लाख ऐंशी हजारांचे तीस टक्के. त्यांनी पडदा वळवला नाही. पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच. मग पडदा हळूहळू वळवला.

चोपन्न हजार.

"चोपन्न?" सिद्धी म्हणाली.

"चोपन्न," पद्माकरराव म्हणाले. पेढा अजून गालातच होता.

येलहंक्यात तसल्या मजल्याला त्या दिवशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार पडत होते. चोपन्न हजारांत लिफ्ट, पोहण्याचा तलाव आणि रखवालदाराचा सलाम मिळतो. सिद्धीने पेढ्यांचं खोकं झाकलं.

"काका, आमचे साडेचार लाख जमलेत. हे इन्क्रिमेंट आलं तर दसऱ्यापर्यंत बारा होतील असा आमचा प्लॅन होता. चोपन्न दिले तर तोपर्यंत दोन लाख जास्तीच्या भाड्यातच जातील ना?"

"आणि दुसरीकडे जायचं म्हटलं," ध्रुव म्हणाला, "तर दहा महिन्यांचं अ‍ॅडव्हान्स. दोन लाख सत्तर हजार त्याच साडेचारांतून जातील. फ्लॅट गेला मग पुढच्या वर्षावर."

मी म्हटलं, "पद्माकरराव, तीस टक्क्यांत बसलं पाहिजे, एवढंच छापलंय. सत्तावीस हजारही त्यात बसतातच."

"मग ध्रुवच्या पाच महिन्यांचं काय, कॉमर्स? अहल्याबाईंचं काय? कमी घेताना मी नियमाकडे बोट दाखवलं, म्हणून त्यांना मान वर करून राहता आलं. आता जास्तीच्या वेळी नियम वाकवला तर आधीची ती सगळी माझी मेहरबानी ठरेल. मी कोणावर मेहरबानी केलेली नाही."

सर्वांत अडचण ध्रुवची होती. बारा हजार देऊन राहिलेला माणूस चोपन्न हजारांबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पद्माकररावांनी एकच मार्ग सुचवला. "सिद्धी, ही वाढ नाकारता येत नाही का?"

"काका!"

त्यांना एक एप्रिलपर्यंतची मुदत मिळाली. चोपन्न हजार द्यायचे किंवा जायचं. गुंडोअण्णाने दुसऱ्याच दिवशी चौथ्या फेजमध्ये सत्तावीस हजारांचा फ्लॅट दाखवला. इकडे खालच्या मजल्यावर वहिनींनी बोलणं बंद केलं. पद्माकररावांना जेवायला मिळत होतं, पण आमटी डावभर, भात मुठीएवढा आणि पोळी पाऊण. तिसऱ्या दिवशी त्यांनी कारण विचारलं.

"नियमाने वाढतेय," वहिनी म्हणाल्या. "पातेल्यातल्याचे तीस टक्के."

पुढच्या रविवारी मी पेपर परत द्यायला गेलो तेव्हा वहिनी माळ्यावरून उतरवलेल्या एका ट्रंकेपुढे बसल्या होत्या. शिक्षकांना जनगणनेचं काम असतं. दोन हजार अकरा साली वहिनींनी उन्हातान्हात चारशे घरं मोजली होती आणि तेव्हाच्या सूचनांचं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी पान उघडलं, पेन्सिलीने रेघ मारली आणि पुस्तक नवऱ्यापुढे ठेवलं.

"वाचा. मोठ्याने."

पद्माकररावांनी चष्मा लावला. एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, असा त्याचा अर्थ होता. एका चुलीचं एक कुटुंब.

"तुमच्या करारात काय लिहिलंय? कुटुंबाचं उत्पन्न. आता मला सांगा, सिद्धी उद्यापासून माझ्याकडे जेवली तर ती कोणत्या कुटुंबात?"

पद्माकररावांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांचा चेहरा उजळू लागला. त्यांना मेहरबानी नको होती, पण व्याख्या चालत होती. सरकारने छापलेली असेल तर फारच.

"आपल्या," ते म्हणाले. "पण तिला झोपायलाही खाली यावं लागेल. 'एकत्र राहणारी' लिहिलंय."

"आशयची खोली रिकामीच आहे."

आशय हा त्यांचा मुलगा, पुण्याला असतो.

"मग वर ध्रुव एकटा. उत्पन्न पन्नास हजार. भाडं पंधरा हजार!" पद्माकररावांनी कॅलक्युलेटर न काढता सांगितलं. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

दोघांना खाली बोलावलं. ध्रुव ऐकत गेला आणि त्याचे डोळे मोठे होत गेले.

"म्हणजे बायको खाली अन् मी वर? काका, आमचं लग्न झालेलं आहे."

"लग्नाचा इथे संबंध नाही. चुलीचा आहे."

"ध्रुव, महिन्याला एकोणचाळीस हजार वाचतात," सिद्धी म्हणाली. "दसऱ्यापर्यंतच आहे रे. आणि दिवसभर मी वर येऊ शकते ना, काका?"

"येऊ शकतेस. पाहुणी म्हणून."

असं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सिद्धी उशी घेऊन खालच्या कुटुंबात दाखल झाली.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गंमत वाटली. सिद्धी खाली थालीपीठ, भरली वांगी, मटकीची उसळ जेवे. ध्रुवला स्वयंपाक येत नसे. त्याला खिचडी येई, तीही कधी भात आणि कधी लापशी व्हायची. पद्माकररावांनी नियम नीट पाळला जावा म्हणून जिन्याखाली खुर्ची टाकली. खालची एक वाटी वर गेली की चुली एक झाल्या आणि मग चोपन्न हजार, असं त्यांचं म्हणणं.

शंका माझ्याकडे येत.

"कॉमर्स, चहा म्हणजे जेवण का?"

"नाही. चहा दुसऱ्या कोणाच्याही घरी घेतात."

"आणि चहाबरोबर पोहे?"

"बशीभर असतील तर नाश्ता. त्यावर दही आणि लोणचं आलं तर जेवण."

तेव्हापासून ध्रुवला संध्याकाळी बशीभर पोहे मिळू लागले. बशीचा आकार पद्माकररावांनी पट्टीने मोजून ठरवला. वहिनींनी पोह्यांचा डोंगर रचायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी उंचीही ठरवली.

समोरच्या शिवलीलाअक्कांनी एकदा मला फाटकाशी गाठून विचारलं, "त्या नवरा-बायकोचं स्वल्प बिनसलंय काय? ती खाली, तो वर. आणि जिन्यात सासरा पहारा देतो."

मी म्हटलं, "तसं काही नाही. घर परवडावं म्हणून."

"सरी, सरी," त्या म्हणाल्या, पण त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ध्रुवला घरी बोलावून बिसीबेळेभात वाढला आणि बायकोशी जमवून घे म्हणून अर्धा तास समजावलं. ध्रुवने दोनदा भात मागून घेतला आणि जमवून घेईन असं वचनही दिलं.

तीन आठवड्यांत ध्रुवचा पट्टा दोन भोकं आत आला. मी सकाळी फिरायला निघे तेव्हा तो गच्चीत उभा असे.

"काय ध्रुव, काय चाललंय?"

"खिचडी करून राहिलो, काका," तो म्हणे.

इकडे सिद्धीला खाली घास उतरेना. तिच्या पानाशेजारी खिडकी होती आणि खिडकीतून जिना दिसे. वहिनींनी वांगी परतली की जिन्याच्या मधल्या पायरीवर ध्रुव येऊन बसे. तिथे बसायला नियमात बंदी नव्हती. तो काही मागत नसे, नुसता वासाच्या दिशेने तोंड करून बसे. पद्माकररावही मग अर्धं जेवण टाकून उठू लागले, पण नियम सोडून द्यावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांना वाटलं, खिडकी बंद करावी.

वीस एप्रिलला, भाड्याच्या बैठकीला अजून पंधरा दिवस असताना, ध्रुव आणि सिद्धी दोघं एकत्र खाली आले.

"काका, आम्ही जातो," सिद्धी म्हणाली. "फ्लॅट पुढच्या वर्षी घेऊ. मला रोज तिथे बसून जेवायला नाही जमत, हा बाहेर बसलेला असताना."

वहिनी आत गेल्या. पद्माकरराव म्हणाले, "नियमाप्रमाणे एक महिन्याची नोटीस." संध्याकाळी ते माझ्याकडे आले, भिंतीशी उभे राहिले आणि म्हणाले, "कॉमर्स, भागात दोष नाही. मापात दोष नाही. मग बसत का नाही?"

रविवारी सकाळी गुंडोअण्णा नव्या घराचा करार घेऊन हॉलमध्ये येऊन बसला. दहा महिन्यांच्या अनामतीचा चेक ध्रुवने लिहून आणला होता, सही तेवढी बाकी होती. साक्षीला पुन्हा मीच. वहिनींनी मात्र स्वयंपाकघरातून हाक मारली, "आधी जेवून घ्या, पानं वाढलीयेत. ध्रुव, तूही ये."

जमिनीवर पाच पानं मांडलेली होती. वडाभात होता, वर तेलाची फोडणी. नागपूरकडचा हा प्रकार वहिनींनी सिद्धीकडून विचारून, तिला नीट येत नसल्याने मग ध्रुवच्या आईला फोन करून केला होता. ध्रुव पानासमोर उभा राहिला.

"ध्रुव," पद्माकरराव म्हणाले, "विचार करून घास घे. हा घास घेतलास की तू वरचा राहत नाहीस."

"काका, मी तसाही जाऊनच राहिलोय," ध्रुव म्हणाला आणि खाली बसला. पहिला घास घेतल्यावर त्याने डोळे मिटले. दुसरा घेतल्यावर सिद्धीचे डोळे भरून आले. तिसऱ्यानंतर मी मोजलं नाही, कारण माझंही पान समोर होतं.

पद्माकरराव जेवत नव्हते. त्यांचा कॅलक्युलेटर बाहेर आला होता.

"एक चूल. म्हणजे एक कुटुंब. माझी पेन्शन अठ्ठावन्न, कल्पनाची बत्तीस, सिद्धीचे एक लाख तीस, ध्रुवचे पन्नास. दोन लाख सत्तर हजार. तीस टक्के एक्याऐंशी हजार." ते थांबले. "कॉमर्स, हे एक्याऐंशी हजार द्यायचे कोणी?"

"कुटुंबाने."

"कोणाला?"

"घरमालकाला. म्हणजे त्याच कुटुंबाला."

"मग?"

"या खिशातून त्या खिशात. नोंद करण्याची गरज नाही."

पद्माकररावांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाच्या ट्रंकेकडे पाहिलं आणि कॅलक्युलेटर बंद केला. "म्हणजे भाडेकरूच नाही. भाडं नाही." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "यात मेहरबानी कुठेच नाही!"

"भाडं नाही?" वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. "काहीच नाही?"

"काकू," सिद्धी म्हणाली, "घरात राहणारी कमावती मुलं घरखर्चाला पैसे देतात. मी लग्नाआधी आईला द्यायचे."

"किती द्यायचीस?"

"आई म्हणेल तेवढे."

घरात कमावत्या मुलांनी आईला किती द्यावं याची चौकट कोणत्याच वर्तमानपत्रात येत नाही, सरकारही छापत नाही. पद्माकरराव काही तरी माप आठवू बघत होते. वहिनींनी त्यांना वेळ दिला नाही.

"सत्तावीस हजार," त्या म्हणाल्या. "दोघांचं जेवण धरून. सिलिंडर आणि दूध निम्मं निम्मं. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या हातात, यांच्या नव्हे. आणि पगार किती झाला ते मला सांगायचं नाही."

"डन," ध्रुव भाताने भरलेल्या तोंडाने म्हणाला.

"सत्तावीस हे कशाच्या किती टक्के होतं?" पद्माकररावांनी विचारलं.

"कशाचेच नाही."

त्यांनी जेवायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांच्या पानात पूर्ण पोळी होती. आपला दसऱ्याचा बेत वाचला हे सिद्धीच्या लक्षात आलं तेव्हा तिने ध्रुवच्या खिशातला तो चेक काढला आणि चार तुकडे करून परत त्याच्याच खिशात घातला.

गुंडोअण्णा इतका वेळ हॉलच्या दारात करार मांडीवर घेऊन बसला होता. "मग आता माझं कमिशन बुडलं काय ओ, अक्का?"

"तू आधी जेवायला ये," वहिनी म्हणाल्या. "पान केव्हाचं वाढलंय."

तो पानाजवळ आला, बसला, भात कालवला आणि हात तोंडाशी नेऊन थांबला.

"साहेब, जेवलो तर मी पण कुटुंबात येतोय की काय ओ? माझं उत्पन्न मी कुणाला सांगत नाही हां."

"एक दिवसाचा जेवणारा पाहुणा," पद्माकरराव म्हणाले. "पुस्तकात आहे. जेव."

दुपारी वरची शेगडी खाली आणायचं काम निघालं. एका कुटुंबात दोन चुली नकोत, यावर पद्माकरराव ठाम होते. सिलिंडर ध्रुवने उचलला, शेगडी मी घेतली, आणि पद्माकरराव पुढे राहून पायऱ्या मोजत उतरले. वरचं स्वयंपाकघर रिकामं झालं. सिद्धीने तिथे तिच्या ऑफिसच्या कामाचं टेबल लावायचं ठरवलं. जाताना तिने ओटा पुसला, आणि पातेल्याच्या तळाला लागलेली शेवटची खिचडी ध्रुवने स्वतः नेऊन झाडाच्या आळ्यात ओतली.

संध्याकाळी पद्माकरराव पिशवी घेऊन फाटकाशी उभे दिसले. मंडईत निघाले होते.

"कॉमर्स," त्यांनी विचारलं, "चार माणसांना गवार किती लागते?"

"अर्धा किलो पुरेल."

ते दोन पावलं गेले आणि वळले.

"चारांत एक ध्रुव आहे, हे धरून?"

"मग पाऊण घ्या," मी म्हटलं.